कागदी सायकलीचे ब्रेक

छ्वानचौच्या जुन्या बाजारात, उदबत्तीवाल्याच्या शेजारी,
फान मास्तर मेलेल्यांसाठी वस्तू बनवतात.
बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, थोडं बेगड.
माझं काम खळ शिजवण्याचं
आणि गुठळी झाली की बोलणी खाण्याचं.

गिऱ्हाईक येतं ते रडून आलेलं असतं
किंवा मनात हिशेब करत असतं. बहुतेकदा दोन्ही.
"दुमजली घराचं काय घ्याल? गच्ची धरून?"
"वडिलांना चष्मा हवा होता. नंबर? नंबर कुणाला ठाऊक!"
मास्तर म्हणतात, ठाऊक करून घ्या,
तिकडे बदलून मिळेल याची खात्री नाही.

मागच्या थंडीत एका पोस्टमनसाठी सायकल केली.
चाकाला मोजून छत्तीस आऱ्या, घंटी, मागे कॅरियर.
वाळली, आढ्याला टांगली,
आणि पहाटे उठून मास्तरांनी तिला ब्रेक बसवले.
दोन्ही चाकांना.
"संध्याकाळी जाळायचीच आहे ना," मी म्हटलं.
"जाळायचीच आहे.
पण त्याच्या वाटेत उतार लागला तर?"

चेहरे सूमेयकाकू रंगवायच्या.
दासी, मोतद्दार, दारावरचे पहारेकरी.
एका पहारेकऱ्याला त्यांनी
भाडं वाढवणाऱ्या घरमालकाचं नाक दिलं
आणि महिनाभर एकट्याच हसत होत्या.
डोळे सगळ्यांत शेवटी काढायच्या:
"आधी दिले तर बघत बसतात मेले,
आपण त्यांचे पाय कसे चिकटवतो ते."

त्या गेल्या सातव्या महिन्यात,
पितरांच्या महिन्यात, ऐन कामाच्या गर्दीत.
जाण्याआधी बजावून ठेवलं होतं:
"मला नोकर नकोत.
चार माणसं पाठवलीत तर त्यांचा स्वयंपाक कुणी करायचा?"
घर?
"जन्मभर घरच पुसलं."
घोडा?
त्यावर नुसत्या बघत राहिल्या.

नऊ दिवस मास्तरांनी काही केलं नाही.
कामट्या हौदात भिजत पडल्या, खळीला वास सुटला.
मी दारातूनच सांगायचे, बंद आहे.
एक बाई म्हणाली,
"मग आमच्या आईनं तिकडे उघड्यावर झोपायचं का?"
मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

दहाव्या रात्री कामटी सोलल्याचा आवाज आला.
सकाळी चौरंगावर बस उभी होती,
हिरवी, आनशीला जाते तसली.
काकूंचं माहेर तिकडचं, चहाच्या मळ्यांत;
एकवीस वर्षांत दोनदा गेल्या होत्या,
दोन्ही वेळा उभ्यानं.
बसमध्ये बाक एकच. खिडकीपाशी.
आणि खिडकी खरोखर सरकत होती,
कारण त्यांना गाडी लागायची.

स्टिअरिंगमागे एक माणूस होता. चेहरा कोरा.
"नोकर नकोत म्हणाल्या होत्या," मी म्हटलं.
"तो नोकर नाही. तो सरकारी आहे."
मग त्यांनी काकूंचा सगळ्यांत बारीक कुंचला
माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी तोवर कधी नखही रंगवलं नव्हतं.
नाक बरं आलं. ओठ जरा रागीट.
डोळ्यांपाशी हात हलला:
एक रस्त्याकडे बघणारा,
दुसरा मागे, बाकाकडे.
पुसायला गेले तर कागद फाटला असता.
मास्तरांनी बस फिरवून फिरवून पाहिली.
"असू दे," म्हणाले. "मळमळलं तर कळेल त्याला."

"आणि ब्रेक?"
"नाही लावले.
कुठं थांबायचं ते ती सांगेल की."

संध्याकाळी कालव्याकाठी बस काही केल्या पेटेना.
तीन काड्या गेल्या. मास्तरांनी ओंजळीचा आडोसा केला.
खळ पुरती वाळली नव्हती;
घाईत पाणी जास्त झालेलं, म्हणजे माझीच चूक.
मी बोलणी खायला तयार होऊन उभी राहिले.

उदबत्तीवाला चौथी काडी घेऊन आला.